आत्याबाईच्या शेळ्या आणि सरकारी रोपं

मागच्या महिन्यात 'पैनगंगेच्या काठावरून' या आपल्या सदरात मी बेल्याच्या बाजाराबद्दल लिहिलं होतं. त्यावर हैदराबाद, निजामाबादकडून तुम्हा मुलामुलींची बरीच पत्रं आली. त्यात एकीनं विचारलं होतं, "काकू, आमच्या कॉलेजात झाडं लावायचा कार्यक्रम झाला. आम्ही फोटो काढले, समोसे खाल्ले आणि घरी आलो. पुढं त्या रोपांचं काय होतं हो?"

पोरीचा प्रश्न साधा आहे, पण उत्तर मला एका ओळीत देता येईना. म्हणून हे अख्खं सदर तिच्या नावे.

आधीच सांगते, मी झाडांची जाणकार नाही. बेल्याजवळच्या एका खेड्यात मी सून म्हणून आले त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. बचत गटाची हिशेबाची वही माझ्याकडे असते आणि चार हंगाम मी आमच्या ग्रामपंचायतीच्या नर्सरीत पिशव्या भरल्या आहेत. माहेर नांदेडकडचं, त्यामुळे मराठी घरची. तेलुगू मी इथं आल्यावर बसमध्ये, दवाखान्यात आणि मंडल ऑफिसच्या रांगेत शिकले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढच्या गोष्टीत माझ्या या तेलुगूनंच घोटाळा केला.

तर सरकारी रोपांची गोष्ट. ३ जुलै २०१५ ला तेलंगणात 'हरिता हारम' सुरू झालं. हारम म्हणजे हार, हिरवा हार. राज्यातलं वनाच्छादन २४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर न्यायचं आणि त्यासाठी २३० कोटी रोपं लावायची, असा तो संकल्प होता. ३३ टक्के हा आकडा काही हैदराबादेत ठरला नाही. देशाची एक तृतीयांश जमीन झाडाखाली असावी हे १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात लिहिलं आहे. आणि पावसाळ्यात झाडं लावायची रीत त्याच्याही आधीची. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्न आणि शेती मंत्री असताना १९५० साली त्यांनी वनमहोत्सव सुरू केला होता. आता सरकार बदलल्यावर आपल्याकडे पुन्हा 'वनमहोत्सवम्' हेच नाव आलं आहे. पिशवी मात्र तीच, काळ्या प्लास्टिकची.

पण २०१८ च्या तेलंगणा पंचायत राज कायद्यानं एक वेगळी गोष्ट केली. प्रत्येक ग्रामपंचायतीची स्वतःची नर्सरी हवी, आणि लावलेल्या रोपांपैकी ८५ टक्के जगली पाहिजेत, नाही तर सरपंच आणि सचिवावर कारवाई, असं त्यात आलं. तोवर रोपं लावल्याचा हिशेब व्हायचा, आता जगल्याचाही होऊ लागला. पुढं पल्ले प्रगतीच्या कार्यक्रमात गावोगावी ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पाण्याचा टँकर आला. उन्हाळ्यात तो टँकर रस्त्याच्या कडेनं रोपांना पाणी घालत फिरताना तुम्ही सुट्टीत गावी आलात की पाहिलाच असेल.

नर्सरीचं काम रोजगार हमीतलं. माती, रेती आणि शेणखत कालवायचं, पिशवीत दाबून भरायचं, खाली ठोकून बसवायचं. पिशवी पोकळ राहिली की पाणी भसकन खाली जातं आणि रोप आडवं पडतं. कडुलिंबाच्या निंबोळ्या पडल्या पडल्या लावाव्या लागतात, महिना-दोन महिने ठेवल्या की त्यांचा जीव जातो. सागाचं तर रोपच नेत नाहीत. वर्षाच्या रोपाचं मूळ आणि बोटभर खोड ठेवून बाकी छाटतात, त्याला आम्ही जडी म्हणतो. वाळक्या गाजरासारखी दिसते, पण पाऊस लागला की पंधरा दिवसांत फुटते. आमच्याकडे शेतकरी धुऱ्यावर लावायला सागाच्या जड्याच मागतात. मुलीच्या लग्नाला कामी येतील म्हणून. माझ्या सासऱ्यांनी लावलेले तीन साग नणंदेच्या लग्नात नाही, पण घराच्या आढ्याला कामी आले.

आता मूळ गोष्टीवर येते.

२०२० मध्ये 'पल्ले प्रकृती वनम्' आलं. पल्ले म्हणजे खेडं. प्रत्येक खेड्यात एक छोटं वन, त्यात फिरायला पायवाट, बसायला बाकडी. जागा सरकारी हवी. आमच्या गावात सरकारी मोकळी जागा एकच, ओढ्यापलीकडचं मुरमाड गायरान. तेलंगणाच्या महसुली कागदात गायरानाला 'बंचराई' म्हणतात.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. आमच्या गावात सभा अशी होते: वरून आलेला कागद तेलुगूत, सचिव सार तो तेलुगूत वाचतात, आणि ज्याला दोन्ही भाषा येतात तो बायाबापड्यांना मराठीत सांगतो. त्या दिवशी ते काम माझ्याकडे होतं. कागदात चार गोष्टी होत्या. जागेची मोजणी होईल, खड्डे होतील, भोवती कुंपण होईल, आणि आत गुरंढोरं, शेळ्यामेंढ्यांना बंदी राहील.

मी उठून म्हणाले, "आपल्या गावाला बगीचा मिळणार आहे. ओढ्यापलीकडं. रोपं आपल्याच नर्सरीतली, आणि काम आपल्याच गटाला."

बस. चौथी गोष्ट मी सांगितलीच नाही. विसरले असं म्हणून सुटता आलं असतं, पण विसरले नव्हते. ऊन चढलं होतं, बायांना निंदणाला जायचं होतं, आणि बंदीचं नाव काढलं असतं तर वाद झाला असता. आमच्या गटाला काम हवं होतं. मी अंगठे घेतले. त्यात आत्याबाईचाही अंगठा होता.

आत्याबाई ही गावातली विधवा बाई, सगळ्यांचीच आत्या. शेत नाही. अकरा शेळ्या. शेळ्यांवर तिनं एक मुलगी उजवली आणि मुलाचं दुखणं काढलं. तिच्या शेळ्या रोज सकाळी ओढा ओलांडून गायरानात जायच्या, हे मला माझ्या घरच्या ओट्यावरून दिसायचं. वर्षानुवर्षं दिसत होतं.

पावसाळ्यात रोपं लागली. तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, फाटकावर पाटी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई शेळ्या घेऊन फाटकाशी उभी राहिली, मग माझ्या दाराशी आली. ओरडली नाही.

"सूनबाई, तू मले बगीचा म्हनली होती."

मी म्हणाले, "आत्याबाई, बगीचाच आहे तो."

"बगिच्यात शेळी जात नाई, हे तुले ठाव नव्हतं?"

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. पुढं जवळजवळ दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. संक्रांतीला वाण घ्यायलाही आली नाही.

आता शहरातल्या वाचकांना वाटेल, शेळ्या दुसरीकडे न्यायच्या. कुठे? चारी बाजूंनी कपाशी. कपाशीत शेळी शिरली तर कोंडवाडा आणि वर शिव्या. राहिला जंगलाच्या कडेचा पट्टा. तिथं दुसरी पंचाईत आहे.

पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथं वाघ वाढले, जागा वाढली नाही. तरुण नर वाघ आपलं रान शोधायला निघतो, तो नदी बघत नाही आणि राज्याची सीमाही बघत नाही. २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर असलेला टिपेश्वरचा एक वाघ असाच निघाला, आपला आदिलाबाद जिल्हाही त्यानं पायाखाली घातला आणि पाचेक महिन्यांत तेराशे किलोमीटरच्या वर चालून थेट बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचं नाव पडलं 'वॉकर'. तुम्ही मोबाईलवर त्याचा नकाशा पाहून "वॉव" म्हणाला असाल. इथं कापूस वेचणाऱ्या बाया त्या दिवसांत घोळक्यानं शेतात जातात, एकीनं पाठ वाकवली की दुसरी उभी राहून बघते. वनखात्याची माणसं येऊन सांगून जातात: एकटं जाऊ नका, अंधार पडायच्या आत घरी या, बोलत राहा. बोलत राहायला आमच्या बायांना सांगावं लागत नाही म्हणा.

गायरान बंद झाल्यावर आत्याबाईच्या शेळ्या त्या जंगलाच्या कडेला जाऊ लागल्या. दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिचा नातू धापा टाकत गावात आला. दोन शेळ्या गेल्या होत्या. वाघ होता की बिबट, पोरानं नीट पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नाही हेच बरं. पोरगं बारा वर्षांचं होतं.

त्या रात्री मी आपण होऊन तिच्या घरी गेले. ती चुलीपुढं बसली होती. मी म्हणाले, "मेलेल्या शेळ्या हलवू नका. पंचनामा होईल, भरपाई मिळते." सकाळी वनखात्याचा माणूस आला, फोटो काढले, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला झाला. अर्ज तेलुगूत होता. मी तो भरला आणि या वेळी शब्दन् शब्द मराठीत वाचून दाखवला. पैसे पुढं काही महिन्यांनी तिच्या खात्यात आले. पण तोवर तिनं नातवाच्या काळजीनं आणखी सहा शेळ्या बाजारात विकल्या होत्या. अकरातल्या तीन राहिल्या.

कुंपणाच्या आत आमची रोपं मात्र छान होती. ८५ टक्क्यांचा हिशेब बसला. वहीत तो मीच लिहिला. आणि लिहिताना आठ शेळ्यांचा रकाना कुठं आहे, हे शोधत बसले.

वर्गात शिकवतात का ठाऊक नाही, पण हा सगळा पेच आपल्या जिल्ह्याला नवा नाही. निजामाच्या काळात इथली जंगलं राखीव झाली, गोंड लोकांच्या शेतजमिनी त्या रेषेच्या आत गेल्या, चराईवर कर बसला. त्यातूनच कुमराम भीम उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. जल, जंगल, जमीन हे तीन शब्द त्याच्या नावानं आजही इथं भिंतीभिंतीवर आहेत. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन अभ्यासकाला गोंडांचं म्हणणं काय आहे ते समजून घ्यायला पाठवलं. आधी विचारलं असतं तर, असं मनात येतंच.

पुढं सरकारलाही उमगलं की पहारेकरी ठेवून जंगल राहत नाही. पश्चिम बंगालमध्ये मेदिनीपूरजवळ अराबारीला अजितकुमार बॅनर्जी नावाच्या वनाधिकाऱ्यानं १९७२ च्या सुमारास गावकऱ्यांशी सौदा केला: सालाचं जंगल तुम्ही राखा, उत्पन्नातला २५ टक्के वाटा तुमचा. उजाड रान पुन्हा उभं राहिलं. १९९० मध्ये केंद्रानं तोच विचार देशभर नेला, आणि १९९२ पासून महाराष्ट्रात संयुक्त वन व्यवस्थापन, तर तेव्हाच्या आंध्रात वनसंरक्षण समित्या सुरू झाल्या. काही समित्या चालल्या, बऱ्याच कागदावर राहिल्या. मला विचाराल तर त्यातली चालणारी गोष्ट एकच होती. राखणाऱ्याला हातात काय मिळणार, हे आधीच सांगितलेलं होतं.

चराईबंदीचं म्हणाल तर नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनंही ती केली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी असे नियम गावानं स्वतः घातले. पण तिथं डोंगरावरचं गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली. जनावर आत नाही, विळा आत. हे मी पोपटराव पवारांच्या एका भाषणाच्या व्हिडिओत ऐकलं, रात्री भांडी घासता घासता, आणि हात तसाच थांबला. आमच्या कुंपणाच्या आत त्या वेळी कमरेएवढं गवत होतं. ते वाळून पेटू नये म्हणून आम्हीच मजूर लावून कापत होतो आणि बाहेर टाकत होतो.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. आधी दोन वर्षांपूर्वी मी चौथी गोष्ट सांगितली नव्हती, ते बोलून टाकलं. पारावर जरा शांतता झाली. माझे दीर खाली मान घालून बसले होते, त्यांना ते आवडलं नाही, घरी आल्यावर ऐकावंही लागलं. मग मागणी मांडली: ज्यांच्या शेळ्या गायरानात चरत होत्या त्या घरांना आतलं गवत फुकट कापू द्यावं. सचिव सार म्हणाले, कागदात तसं नाही. एक म्हातारे आजोबा म्हणाले, कापू नये असं तरी आहे का? तसंही नव्हतं. तीन सभा गेल्या, पण झालं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत, आठवड्यातून दोन दिवस, विळ्यानं. झाडाची फांदी तोडायची नाही.

आत्याबाई पहिल्या दिवशी विळा घेऊन आली आणि आत फिरून बघू लागली. आम्ही लावलेली झाडं तिनं पहिल्यांदाच जवळून पाहिली. गुलमोहर, बदाम, साग, करंज. कोनोकार्पसची एक रांगही होती. ते झाड झपाट्यानं वाढतं, हिरवंगार दिसतं, म्हणून सगळीकडे लावलं गेलं. मग लोकांना त्याच्या परागकणांचा त्रास, मुळांचा उपद्रव कळला. गुजरातनं २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली, आपल्याकडेही ते नर्सरीत वाढवू नका असं सांगण्यात आलं.

आत्याबाई सगळं बघून म्हणाली, "ह्यातलं शेळी काय खाते?"

आम्ही गप्प.

"सागाले तोंड लावत नाई. करंज कडू. गुलमोहराच्या फुलाले काय करू? झाडं लावाले तुमाले कोनी नाई म्हनलं नाई. पन ज्याच्या जागेत लावता त्याले इचारा तरी. बाभूळ कुठं हाय? हिवर कुठं हाय? सौंदड?"

सौंदड म्हणजे शमी. आणि गंमत बघा, हीच शमी, तेलुगूत जम्मी, तेलंगणाचा राज्यवृक्ष आहे. दसऱ्याला आपण मराठी घरं आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो, इथले शेजारी जम्मीची. आमच्या घरी दोन्ही येतात, त्यामुळे पोरं म्हणतात आपण डबल श्रीमंत. राजस्थानात याच झाडाला खेजडी म्हणतात, तो तिथलाही राज्यवृक्ष. १७३० मध्ये खेजडली गावात अमृतादेवी बिष्णोईसह ३६३ माणसांनी जीव दिला, तो याच झाडासाठी. त्यांनाही ते झाड शोभेसाठी नको होतं. वाळवंटात त्याचा पाला जनावर जगवतो. एवढं मोठं नाव असलेलं झाड, आणि आमच्या नर्सरीत त्याची एक पिशवी नव्हती. यादी वरून येते ना.

यादीत नाही म्हणून लावायला बंदी आहे का, हा आजोबांचा प्रश्न आता आमच्या गटाचा मंत्रच झाला आहे. आम्ही बी गोळा करायचं ठरवलं. खम्मम जिल्ह्यातले दरिपल्ली रामय्या, ज्यांना सगळे वनजीवी रामय्या म्हणत, त्यांनी जन्मभर हेच केलं. सायकलवर फिरत बी गोळा करायचं आणि मोकळी जागा दिसेल तिथं लावायचं. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२५ च्या एप्रिलमध्ये ते गेले. आमच्याकडे सायकल नाही, पण आत्याबाई आहे.

तिनं सांगितलं, बाभळीच्या शेंगा फोडत बसू नका. शेंग शेळी खाते, बी तिच्या पोटातून जाऊन लेंडीतून पडतं आणि कधी रवंथ करताना तोंडातूनही गळतं. त्या बीचं कवच आधीच मऊ झालेलं असतं. गोठ्याच्या कोपऱ्यात झाडून काढलं तर ओंजळभर बी मिळतं, आणि तेच चांगलं उगवतं. मी नर्सरीच्या प्रशिक्षणात शिकले होते की बाभळीच्या बीवर उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवायचं. सारांना विचारलं तर ते म्हणाले, दोन्हीचं कारण एकच, कवच फुटलं पाहिजे. मग आम्ही पैज लावली. शंभर पिशव्या उकळत्या पाण्याच्या, शंभर लेंडीतल्या. माझी बाजू पाण्याची.

मागच्या आठवड्यात मोजणी झाली. माझ्या एकसष्ट उगवल्या, आत्याबाईच्या अठ्ठ्याहत्तर. वहीत मी दोन्ही आकडे लिहिले, तिनं मला ते दोनदा वाचायला लावले. तिला वाचता येत नाही, आणि माझ्या वाचण्यावर तिचा अजून पुरता भरवसा नाही, म्हणून तिनं नातवालाही वाचायला लावलं. तो आता मराठी शाळेत नववीत आहे.

तिच्या शेळ्या तीनच आहेत. चौथी घ्यावी की नाही, हे ती बाभळी कमरेला लागल्यावर ठरवणार आहे. सौंदडीचं बी आम्हाला अजून मिळालेलं नाही. जुनं झाड एकच, ते मारुतीमागच्या शेतात आहे आणि त्या शेतमालकाशी माझ्या दिरांचं धुऱ्यावरून भांडण आहे. तुमच्यापैकी कुणाच्या गावी शमी असेल तर शेंगा तपकिरी झाल्यावर मूठभर कागदाच्या पुडीत घालून पाठवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी लागते.